पुराव्यादाखल एक कपाट

मी माझीच नक्कल आहे, असं मला गेल्या महिन्यात लेखी कळवण्यात आलं. लेखी म्हणजे मेलवर. खाली सही नाही, शिक्का नाही, नुसतं "आपला नम्र, मदतकक्ष". नम्र! बाईला तोंडावर चोर म्हणायचं आणि खाली नम्र लिहायचं, ही कुठली रीत? आमच्या इमारतीत माणसं भांडतात तेव्हा निदान नम्रपणाचं सोंग तरी आणत नाहीत.

माझी शाळा चौथीत संपली. हे मीच आधी सांगून टाकते, कारण कोणी ना कोणी ते सांगणारच, मग दुसऱ्याला कशाला तो आनंद द्या? पण चौथीपर्यंतचं माझं पक्कं आहे, आणि पुढचं मी घर चालवून शिकले. घर चालवणं म्हणजे काय हे कॉलेजात शिकवत नाहीत. शिकवलं असतं तर कॉलेज शिकलेल्यांची घरं तशी दिसली नसती.

तर झालं असं की माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला दोन महिने खुर्चीत बसवलं. मी खुर्चीत बसून स्वयंपाकघरात सूचना पाठवत असे. चौथ्या दिवशी सुनेने माझ्या मांडीवर टॅब आणून ठेवला. ती कॉम्प्युटरचं काम घरूनच करते. म्हणाली, "आई, यात चित्रांचे ठोकळे असतात. एकाला एक जोडले की खेळ तयार होतो. बघा जमतंय का." माझं तोंड बंद व्हावं म्हणून तो टॅब आला होता हे मला कळलं नाही असं नाही. पण "जमतंय का" म्हणाली ना, मग मी तो घेतला.

त्या ठोकळ्यांवर काय लिहिलेलं असतं? असं झालं, तर तसं कर. बस्स. यात शिकायचं काय आहे? दूध वर आलं, तर गॅस बंद कर. बेल वाजली, तर आधी भोकातून बघ. सासरे दोनदा खोकले, तर चहा ठेव. तीनदा खोकले, तर बाहेर कोणीतरी आलंय. अडतीस वर्षं मी हेच करत आले. याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

खेळाचं नाव मी ठेवलं "आले, आले!" सुरुवातीला फोन वाजतो. पाहुणे पंधरा मिनिटांत पोचतायत. घर पसरलेलं. खेळणाऱ्याने घरची बाई व्हायचं आणि बेल वाजायच्या आत सगळं उचलायचं. खुर्चीवरचा ओला टॉवेल, टेबलावरची औषधं, सोफ्याखालचे मोजे, रद्दी, वायरी, सगळं. उचललेलं मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात कोंबायचं, केस सारखे करायचे आणि दार उघडून म्हणायचं, "या, या! अहो, आधी कळवायचं ना!" आवाज सगळे माझे. "कोणाचा हा मोजा?" माझा. "पाय पुसून ये!" माझा. आणि पाहुणा चुकून मागच्या खोलीकडे वळलाच, तर "ते कपाट नको, ते कपाट नको!" हे वाक्य चौदा वेळा म्हणावं लागलं. तेरा वेळा ह्यांनी शिंक काढली, पंखा लावला, "चष्मा पाहिलास का" असं विचारलं. चौदाव्या वेळी हे चष्मा शोधत खरोखरच त्या कपाटाच्या दाराला हात घालायला निघाले, आणि वाक्य असं काही उतरलं की सून म्हणाली, "आई, बास. याहून चांगलं होणार नाही."

मग तो खेळ एका वेबसाइटवर चढवायचा होता. तिथे शंभर प्रश्न. त्यातला एक असा: इतर कोणी हा खेळ घेऊन, त्यात बदल करून, पुन्हा मांडू शकतो का? सून म्हणाली, "इथे नाही म्हणूया."

"का गं? शेजारीण साखर मागायला आली तर आपण तिला विचारतो का, चहात घालणार की सरबतात?"

"आई, साखर वेगळी."

"या घरातून मागणाऱ्याला नाही असा शब्द गेलेला नाही. सासूबाईंच्या वेळेपासून नाही. माझ्यापासून सुरुवात करू?"

तिने हो वर खूण केली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय लिहिलं होतं ते मला वाचता यायला हवं होतं. पण चेहऱ्याचं वाचन बहुतेक पाचवीला असतं.

पहिल्या आठवड्यात त्रेसष्ट लोकांनी खेळ घेतला. पंचेचाळीस आमचेच नातेवाईक होते, त्यांना मी स्वतः फोन करून घ्यायला लावलं होतं. पण उरलेले अठरा तर परके होते ना? अठरा परक्या माणसांनी माझ्या हाताखाली घर आवरलं. मला ते फार गोड वाटलं.

आता समोरच्या मास्तरीणबाईंबद्दल सांगायला हवं. निवृत्त शिक्षिका. लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना लागली की आधी लाल पेनने तपासतात आणि मग वाचतात. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"खेळ पाहिला. घर ओळखीचं वाटलं."

"कसलं ओळखीचं? कल्पना आहे सगळी."

"मागच्या खोलीतलं कपाटही?"

"कल्पनाच."

"त्याच्या दाराचा डावीकडे टवका उडालेला दाखवलाय."

"कल्पनेला टवके उडतात, बाई."

त्या "हं" म्हणून गेल्या. त्या "हं"ने माझी झोप उडवली. का ते सांगते. आमच्या इमारतीत माझ्या घराचं नाव आहे. "त्यांच्याकडे पाणी प्यायलं तर पेला खाली ठेवायची भीती वाटते," असं लोक म्हणतात आणि ते माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्याने म्हणतात. हे नाव मी अडतीस वर्षं त्या एका कपाटाच्या जोरावर टिकवलं आहे. झाकली मूठ. त्याची किल्ली माझ्या कमरेला, ह्यांनाही आत बघायची परवानगी नाही. आणि खेळ बनवायच्या भरात मी ते कपाटच जगापुढे मांडलं! त्याच दुपारी मी खेळ खाली उतरवला, चित्रातल्या दाराचा टवका बुजवला आणि खेळ पुन्हा चढवला. किती हुशारी केली मी! पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. या बाईंनी आयुष्यात कशाला हात लावला आणि ते सुधारलं नाही असं झालेलं नाही. म्हणजे असं त्या स्वतः सांगतात. मी विणून दिलेला स्वेटर त्यांनी बाह्या उसवून परत विणला आणि मला घालून दाखवला. माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर पाहायला पाठवला, तर दुरुस्त होऊन आला. त्यात मुलाचं नाव तेवढं राहू दिलं होतं.

"वहिनी, तुझा खेळ घेतला बरं का. जावयांना शेजारी बसवून थोडा नीट केला."

"नीट म्हणजे?"

"अगं, तसा चांगलाच होता. पण त्यात पाहुण्याला कामच नव्हतं. बिचारा येतो, बसतो, जातो. म्हटलं, त्यालाही काहीतरी द्यावं."

त्यांनी पाहुण्याला काय दिलं ते ऐका. त्यांच्या खेळात खेळणाऱ्याने पाहुणीबाई व्हायचं. घरची बाई चहा टाकायला आत गेली की उठायचं. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचं. बोट काळं झालं, दहा गुण. सोफ्याची उशी उचलायची. मोजा सापडला, वीस गुण. मग "जरा हात धुऊन येते" म्हणून मागच्या खोलीत सटकायचं आणि कपाट उघडायचं. शंभर गुण! सगळं सामान घरच्या बाईच्या अंगावर धो धो कोसळतं आणि ती ओरडते, "ते कपाट नको, ते कपाट नको!" माझ्या आवाजात. चौदाव्या वेळचा, सगळ्यात चांगला.

वर नाव काय? "आले, आले! नवीन व सुधारित".

एका आठवड्यात चाळीस हजार लोकांनी तो घेतला. चाळीस हजार! म्हणजे बघा, दुसऱ्याचं घर आवरायला जगात अठरा माणसं तयार होती, आणि दुसऱ्याचं कपाट उघडं पाडायला चाळीस हजार. वन्संबद्दल मला हे ठाऊक होतं. जगाबद्दल नव्हतं.

मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा काहीतरी." हे म्हणाले, "अगं, तुझाच खेळ ना तो? मग कौतुकही तुझंच." आणि वर्तमानपत्र उघडून बसले. दोन मिनिटांनी वर्तमानपत्राच्या मागून माझा आवाज आला, "ते कपाट नको!" मी कागद खाली ओढला. फोनवर नऊशे गुण. ज्याच्या शर्टाची बटणं मी अडतीस वर्षं लावली त्या माणसाचे नऊशे गुण!

मग त्रास घरात शिरला. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस कधी आत येत नसे, तो विचारू लागला, "बाई, हात कुठे धुवू?" आणि नजर मागच्या खोलीकडे. गुडघ्याचा व्यायाम घ्यायला येणारी पोरगी एका हाताने माझा पाय वाकवायची आणि दुसऱ्या हाताने सोफ्याची उशी उचलून बघायची. मी दुखून ओरडले तर म्हणते, "अय्या, आवाज अगदी खेळातल्यासारखा आहे हो तुमचा!" शेवटी मी लोकांना जिन्यातच भेटू लागले. आलेल्या माणसाला दाराबाहेर उभं करून बोलायची माझ्यावर पाळी आली, आणि तीही का, तर मी नाही म्हणाले नाही म्हणून!

मास्तरीणबाई म्हणाल्या, "रीतसर तक्रार करा. मी लिहून देते." त्यांनी तीन पानं लिहिली. वेबसाइटच्या चौकटीत पाचशे अक्षरं बसत होती. बाईंचं "महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की निम्नस्वाक्षरीकर्ती" इथपासून "सदर विषयाच्या अनुषंगाने" इथपर्यंतच पाचशे भरली. विषय काय ते बाहेरच राहिलं. उलट उत्तर आलं: "आपण आवर्जून लिहिलंत, आभारी आहोत. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

खालच्या औषधवाल्याचं म्हणणं, बदनामीचा दावा ठोका. कोणावर, म्हटलं तर "नणंदेवर" म्हणाला, आणि गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर मला वकील मेहुण्याचा नंबर बांधून दिला. गोळ्या तेवढ्या मी घेतल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोर्टात जाऊन कोणाला दाखवायचे?

मी सुनेला म्हटलं, "तक्रारीचे प्रकार असतील ना काही? त्यात नक्कल आहे का बघ."

"आहे. पण आई, मोकळीक आपणच दिली आहे."

"मोकळीक दिली. मी हयात असताना माझ्या जागी बसायला नाही दिली. टाक नक्कल."

तिने टाकलं. चार दिवसांनी निकाल आला. तोच तो नम्र मेल. दोन्ही खेळ तपासले असता घर एक, कपाट एक, आवाज एक आढळला. म्हणजे दोहोंपैकी एक नक्कल आहे यात शंका नाही. ज्याची तारीख नंतरची, तो नक्कल. आणि तारीख नंतरची कोणाची? माझी! टवका बुजवून खेळ पुन्हा चढवला तेव्हा नवी तारीख पडली होती. वन्संनी त्याआधीच घेऊन आपला चढवलाही होता, टवक्यासकट. "आपल्या खेळातील आवाज मूळ निर्मातीच्या खेळातील आवाजाशी तंतोतंत जुळतो. दुसऱ्याचा आवाज वापरणे ही गंभीर बाब आहे." माझा खेळ काढून टाकण्यात आला.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. पण इथे चोराने काही म्हटलंच नव्हतं. बोंब पोलिसानेच मारली, तीही माझ्या नावाने.

खाली दोन उपाय दिले होते. एक, मूळ निर्मातीची परवानगी आणा. मी यावर विचार करायच्या आतच वन्संचा फोन.

"वहिनी, मला मेल आलाय. तू म्हणे माझी नक्कल केलीस!" आणि हसू. पाच मिनिटं हसू. "अगं, देते की परवानगी. घरातल्या घरात काय एवढं? घे तू खुशाल. मनाला लावून घेऊ नकोस."

मी फोन ठेवला. वन्संनी मला आजवर पुष्कळ काही दिलं. पण माझंच मला, तेही मोठ्या मनाने, हे पहिल्यांदा.

दुसरा उपाय सुनेने वाचला. खेळ ज्या खऱ्या जागेवरून सुचला त्या जागेचा फोटो, "उघड्या अवस्थेत", आणि घरात न राहणाऱ्या एका साक्षीदाराचं निवेदन. मुदत सात दिवस. वाचून ती खाली बघत म्हणाली, "आई... कपाट."

"कळलं मला."

"तुम्ही सगळ्यांना कल्पना म्हणून सांगितलंय."

"तेही आहे माझ्या लक्षात."

कपाट माझं नाही म्हटलं, तर घराचं नाव राहतं आणि खेळ वन्संचा होतो. कपाट माझं म्हटलं, तर खेळ माझा होतो आणि अडतीस वर्षांची झाकली मूठ उघडी पडते. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. ते दोन दिवस घरात फार छान गेले असं नंतर कळलं. मी खुर्चीत बसून विचार केला. आवरलेलं घर संध्याकाळपर्यंत परत पसरतं. आयुष्यभर जे केलं ते सगळं असंच. धुतलं की मळलं, वाढलं की संपलं. केलेली एक गोष्ट मागे राहिलेली दाखव, म्हटलं तर काय दाखवणार होते मी? हा एक खेळ. माझ्या डोक्यातून निघाला, माझ्या हाताने जुळला, आणि मी झोपले असतानाही अठरा माणसं तो खेळत होती. तो मी "घे खुशाल" म्हणून परत घ्यायचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "फोनचा कॅमेरा पूस. आणि मास्तरीणबाईंना बोलाव."

मास्तरीणबाई साक्षीदार म्हणून आल्या, लाल पेन घेऊन. त्यांच्यामागून, न बोलावता, वन्सं. ह्यांनीच कळवलं होतं. नऊशे गुणवाल्यांकडून दुसरी काय अपेक्षा करायची? वन्संनी आल्या आल्या मला कुशीत घेतलं, एक नजर चौकटीवर टाकली, आणि आम्ही सगळे मागच्या खोलीत गेलो.

"मागे सरका," मी म्हटलं आणि किल्ली फिरवली.

दार मी उघडलं नाही. ते स्वतःच आलं. आधी गाद्यांच्या खोळी, मग तीन छत्र्या, पाती नसलेला पंखा, रद्दीचा एक अख्खा गठ्ठा. त्यावरून एक वजनकाटा घरंगळत मास्तरीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबला आणि चार किलो दाखवू लागला. मग ह्यांचा माउथ ऑर्गन. तो हरवला म्हणून ह्यांच्याबरोबर मी स्वतः दोन दिवस तो शोधला होता. ह्यांनी तो उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि खिशात घातला. सून फोटो काढत होती. तिने ओठ दाताखाली घट्ट धरले होते. रडत नव्हती ती.

आणि सगळ्यात शेवटी, वरच्या फळीवरून, एकामागून एक, सात खोकी आली. रंगीत कागदात बांधलेली. कागद न उघडलेले. प्रत्येकावर वन्संचं अक्षर: "वहिनीस सप्रेम".

मला वाटलं, गुडघा तरी नको तेव्हा दुखतो, आता का नाही दुखत? वन्सं खाली वाकल्या. शेवटच्या खोक्याचा कागद पडताना फाटला होता. त्यातून एक ट्रे बाहेर डोकावत होता. निळ्या पक्ष्यांचा.

तो ट्रे मी ओळखला. मीच तर तो विकत आणला होता! वन्सं नव्या घरात राहायला गेल्या तेव्हा त्यांना दिलेला. खाली एक चिठ्ठी अजून चिकटलेली होती, ह्यांच्या अक्षरात. मास्तरीणबाईंना कुठलंही लिहिलेलं दिसलं की मोठ्याने वाचायची सवय आहे. त्यांनी वाचलं, "नव्या घरासाठी, दादा-वहिनीकडून." मग खोक्यावरचं वाचलं, "वहिनीस सप्रेम." मग दोन्ही पुन्हा वाचलं.

वन्संनी पंख्याकडे पाहिलं. मीही पंख्याकडे पाहिलं. तो पाती नसलेला पंखा होता, तरी आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो.

"बरं," वन्सं म्हणाल्या. "साक्षीचा कागद कुठाय?"

"मास्तरीणबाई देतायत की साक्ष."

"त्यांना काय माहीत? त्या कधी इथे मुक्कामाला राहिल्यात? मी अडतीस वर्षं या कपाटासमोरच्या खाटेवर झोपत आलेय. दे इकडे."

त्यांनी लिहिलं ते असं: "मी लिहून देते की हे घर, हे कपाट आणि तो आवाज माझ्या वहिनीचा आहे. आत काहीतरी आहे असं मला पहिल्या मुक्कामापासून वाटत होतं. इतकं असेल असं वाटलं नव्हतं. खेळ तिचा. त्यातली पाहुणी तेवढी माझी." मास्तरीणबाईंनी दोन ठिकाणी लाल पेन चालवलं. सून म्हणाली, लाल खुणांचं चालणार नाही. मग वन्संनी ते परत लिहिलं. एक शब्दही सुधारला नाही. माझ्या आयुष्यात वन्संच्या हातून गेलेला हा पहिला कागद, जो दुसऱ्यांदाही तसाच राहिला.

वाटलं, सुटले. पण नम्रांचा मेल: "निर्णय होईपर्यंत मूळ जागेत कोणताही बदल करू नये." म्हणजे पसारा जसा पडला तसाच ठेवायचा! पाच दिवस! ज्या बाईने टेबलावर पेल्याचा ओला डाग पाच मिनिटं राहू दिला नाही, तिने! मास्तरीणबाईंनी गुप्तता पाळली, म्हणजे प्रत्येक मजल्यावर वेगवेगळं सांगितलं. इमारत येऊ लागली. औषधवाला दुकान मेहुण्यावर सोपवून आला. मीटरवाला मीटर न वाचता सरळ आत गेला. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "किती बरं वाटलं हो बघून! मला वाटायचं आमच्याकडेच असं आहे." मी तिला बरं वाटावं म्हणून अडतीस वर्षं घालवली नव्हती. पाचही दिवस हे माउथ ऑर्गनवर एकच गाणं वाजवत होते. येत एकच होतं.

सहाव्या दिवशी निकाल आला. दावा मान्य. माझा खेळ परत वर चढला, वन्संच्या खेळाखाली "मूळ कल्पना वहिनींची" अशी ओळ आली. पण माझ्या खेळाखाली काय आलं? तो फोटो! मोठा करून! "प्रमाणित मूळ कपाट" असं वर लिहून. चाळीस हजार लोकांनी तो पाहिला आणि घराघरात त्याच्यावरून नवे खेळ निघाले. एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही, असं सून सांगते. एका खेळात कपाटच घरच्या बाईच्या मागे धावतं. एकात कुठल्याशा परक्या भाषेत एक दाढीवाला "ते कपाट नको" म्हणून ओरडतो. भाव अगदीच कच्चा. एकात पसाऱ्यातून निळ्या पक्ष्यांचा ट्रे शोधायचा. तो वन्सं रोज खेळतात आणि हरतात. मी कोणाकोणाला मेल लिहू?

असो. बदल करू नये हा हुकूम उठल्यावर पसारा आवरायचा होता. वन्सं मुक्कामाला राहिल्याच होत्या. म्हणाल्या, "वहिनी, गुडघा सांभाळ. तू बस, आम्ही भरतो." भरायला लागले. मोठं खाली, लहान वर, मास्तरीणबाई दारातून लांबी-रुंदी सांगतायत, हे दाराला पाठ लावून ढकलतायत. अर्धं सामान बाहेर आणि दार तरी हातभर उघडंच. तीन वेळा भरलं, तीन वेळा आलं. वन्सं घामाघूम होऊन खाली बसल्या.

"खेळात तर आपोआप आत जातं गं!"

"खेळात."

"मग तू कसं करतेस?" आणि त्यांच्या डोळ्यांत ते आलं, जे स्वेटर उसवताना येतं. त्यांनी टॅब काढला, माझ्याकडे रोखला. "थांब वहिनी, तू भर, मी टिपून घेते. हेच खेळात घालायला हवं. लोक वेडे होतील!"

मी खुर्चीतून उठले. गुडघा कटकन वाजला. सुनेला बाहेर काढलं, ह्यांना काढलं, मास्तरीणबाई तर दारातच होत्या, त्यांना तिथून काढलं, आणि वन्संना टॅबसकट काढलं. मग आतून कडी लावली.

बारा मिनिटं लागली. छत्र्या मी शेवटी ठेवते, आणि कुठे, आणि कशा, यावरच सगळं अवलंबून आहे. बाहेरून वन्सं दारावर थापा मारत होत्या, "वहिनी, तू फक्त छत्रीचं सांग! बाकीचं मी बघते!"

मी किल्ली फिरवून कमरेला लावली. छत्रीचं त्यांना सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.